मालिकेत नसलेले साल: शातो म्यूझारची लाल वाइन आणि लेबनॉनचे यादवी युद्ध

१/ इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, नाणी, बखरी आठवतात. वाइनची बाटलीही त्या पंक्तीत बसू शकते, कारण तिच्यावर द्राक्षतोडणीचे साल छापलेले असते. लेबनॉनमधील शातो म्यूझार या कौटुंबिक वाइनरीच्या सालांमध्ये १९७६ नाही. त्या रिकाम्या जागेचा हा इतिहास.

२/ लेबनॉनच्या बेका खोऱ्यात वाइनची परंपरा प्राचीन आहे. याच खोऱ्यातील बालबेक येथे बॅकस या मद्यदेवतेचे म्हणून ओळखले जाणारे रोमन मंदिर आजही उभे आहे. फ्रेंच अंमल असताना, १९३० मध्ये, गास्ताँ होशार या तरुणाने शातो म्यूझारची स्थापना केली.

३/ पुढची सारी कथा भूगोलावर उभी आहे. तळघरे बैरुतच्या उत्तरेला, समुद्राकडील उतारावरच्या गझीर गावात. द्राक्षमळे मात्र सुमारे १,००० मीटर उंचीच्या बेका खोऱ्यात. मध्ये लेबनॉन पर्वताची रांग. तोडलेली द्राक्षे ट्रकमधून डोंगर ओलांडून आणावी लागत.

४/ १९५९ मध्ये वाइन घडवण्याचे काम गास्ताँ यांचे पुत्र सर्ज यांच्याकडे आले. काबर्ने सोव्हिन्यॉ, सँसो आणि कारिन्यान या द्राक्षांच्या वाइन ते एकत्र करीत. आंबवण्यासाठी द्राक्षांवरचे नैसर्गिक यीस्टच वापरीत, वाइन गाळून घेत नसत. ती ओकच्या पिंपांत आणि नंतर बाटल्यांत मुरे. बाजारात यायला साधारण सात वर्षे लागत.

५/ १९७५ मध्ये यादवी युद्ध पेटले. ते १९९० पर्यंत चालले. देशातील ग्राहक दुरावला. १९७६ मध्ये तर वाइनच तयार होऊ शकली नाही.

६/ तारले ते परदेशाने. १९७९ च्या ब्रिस्टल वाइन मेळ्यात क्रिस्टीज लिलावसंस्थेचे तज्ज्ञ मायकेल ब्रॉडबेंट यांनी म्यूझारची १९६७ ची लाल वाइन चाखली आणि तिची मुक्तकंठाने प्रशंसा केली. ब्रिटनची बाजारपेठ खुली झाली.

७/ १९८२ च्या इस्रायली आक्रमणानंतर बेका खोऱ्यातच सिरियन आणि इस्रायली फौजा समोरासमोर ठाकल्या. १९८४ च्या हंगामात नेहमीची वाट बंद होती. ट्रक कित्येक दिवस रखडले आणि द्राक्षे तळघरात पोहोचण्यापूर्वी ट्रकमध्येच आंबू लागली. त्याच वर्षी ‘डिकँटर’ या ब्रिटिश नियतकालिकाने आपला वर्षातील मानकरी हा पहिलावहिला सन्मान सर्ज होशार यांना दिला.

८/ ही वाइन चाखायची कशी? जुनी बाटली आदल्या दिवशी उभी ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. पेल्यातील रंग गडद लाल नसून विटकरी दिसतो. वासात सुकी चेरी, अंजीर, मसाल्यांची ऊब आणि चामड्याची छटा. जिभेवर तुरटपणा मऊ झालेला, पण एक आंबूस धार शिल्लक. काही जाणकार या धारेला दोष मानतात, तर चाहत्यांना तीच म्यूझारची ओळख वाटते.

९/ येथे इतिहासाच्या अभ्यासकाने सावध राहावे. त्या आंबूस धारेत तोफांचा धूर शोधणे ही कविकल्पना झाली. ती धार उत्पादनपद्धतीतून येते आणि शांततेच्या सालांतही आढळते. युद्धाची साक्ष सालांच्या यादीत अधिक स्पष्ट आहे. १९७७ चे लेबल एवढे निश्चित सांगते, की त्या वर्षी कोणीतरी मळ्यात तोडणी केली, कोणीतरी ट्रक हाकला आणि डोंगरापलीकडे तळघराचे दार उघडे होते.

१०/ सर्ज होशार यांचे ३१ डिसेंबर २०१४ रोजी निधन झाले. वाइनरी आजही कुटुंबाकडेच आहे. साधन कोणतेही असो, वतनपत्रांची मालिका वा नाण्यांचा संच, त्यात कोणते साल नाही हेही टिपून ठेवा. शोधाची सुरुवात अनेकदा तिथूनच होते.