राज्यघटनेची जन्मकथा मुलांना कशी सांगावी?



राज्यघटना हा विषय शाळेत बहुधा कलमांच्या यादीने सुरू होतो आणि उत्तरपत्रिकेत संपतो. अमेरिकेची घटना १७८७ साली तयार झाली, हे वाक्य विद्यार्थी पाठ करतो; परंतु ज्या पेचातून ती निघाली, तो पेच त्याच्या मनाला शिवत नाही. वस्तुतः घटना म्हणजे भांडणाऱ्या माणसांनी एकत्र नांदण्यासाठी केलेला लेखी करार होय. आणि भांडण म्हणजे काय, हे कोणत्याही मुलाला शिकवावे लागत नाही.

समजा, नाशिक जिल्ह्यातील देवळा येथे सातवी-आठवीचा वर्ग भरला आहे. कळवण तालुक्यातून निघून १९९९ साली देवळा स्वतंत्र तालुका झाला. चणकापूरच्या कालव्याचे पाणी आणि घरचा कांदा यांचे नाते येथील मुलांना सांगावयास नको. शिक्षकाने एवढेच विचारावे : दहा गावांनी मिळून पाणीवाटपासाठी सभा नेमली, तर प्रत्येक गावाला सारखी मते द्यावीत, की लोकसंख्येच्या मानाने? मोठ्या गावचा मुलगा एक उत्तर देईल, वाडीवरचा दुसरे. वर्गात असे दोन तट पडले, की मग फिलाडेल्फियाच्या सभागृहाचे दार उघडावे.

१७८७ च्या उन्हाळ्यात तेथे ५५ प्रतिनिधी जमले होते. जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्षस्थानी होते. तेरा राज्यांपैकी ऱ्होड आयलंडने प्रतिनिधी पाठविलाच नाही. वाद हाच, लहान राज्यांचा आणि मोठ्या राज्यांचा. अखेर तोड निघाली : एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे प्रतिनिधी, दुसऱ्यात प्रत्येक राज्याचे दोन. १७ सप्टेंबर रोजी ३९ जणांनी सह्या केल्या. नऊ राज्यांची संमती आवश्यक होती. ती १७८८ साली मिळाली. नागरिकांच्या हक्कांची हमी कोठे आहे, असे लोकांनी विचारले, तेव्हा १७९१ साली दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या.

येथे थांबून कथेचा काळा भागही सांगितला पाहिजे. लोकसंख्या मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा हिशेब त्याच सभेने ठरविला. गुलामांना मत नव्हते. त्यांच्या संख्येने त्यांच्या मालकांच्या राज्यांचे प्रतिनिधी मात्र वाढले. त्या कलमात ‘गुलाम’ हा शब्दही येऊ दिला नाही. हा डाग पुसण्यास यादवी युद्ध आणि १८६५ सालची तेरावी दुरुस्ती यावी लागली. ज्या अमेरिकनांनी हे दास्य दूर केले, त्यांना जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, हे मराठी मुलांना अवश्य सांगावे.

मग घराजवळचे उदाहरण घ्यावे. औंध हे सातारा भागातील ७२ गावांचे संस्थान. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली घटना देऊन आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविली. गावाने पंचायत निवडावी, पंचायतींतून तालुक्याची सभा व्हावी, तिच्यातून विधिमंडळ, अशी ती पायरीपायरीची रचना होती. १९४८ साली संस्थान विलीन झाले, आणि पुढच्याच वर्षी, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, भारताची घटना स्वीकृत झाली. तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते.

या तिन्ही कथा ऐकल्यावर मुलांना सनावळी विचारू नये. एकच प्रश्न विचारावा : करार लिहिला जात असताना सभागृहात कोण नव्हते? फिलाडेल्फियात एकही स्त्री नव्हती, एकही गुलाम नव्हता. ज्या मुलाला हा प्रश्न सुचू लागला, तो उद्या गावच्या ग्रामसभेतही रिकाम्या जागा मोजील. आणि घटनेचे शिक्षण सफल झाले, असे तेव्हाच म्हणता येईल.