चारा घोटाळा
चारा घोटाळा हा अविभाजित बिहार राज्याच्या पशुसंवर्धन विभागात झालेला आर्थिक गैरव्यवहार होय. यात सरकारी कोषागारांतून सुमारे ९५० कोटी रुपये बेकायदेशीरपणे काढले गेले. कधीच न झालेल्या चारा, औषधे व उपकरणे यांच्या खरेदीची बनावट देयके पुरवठादार सादर करीत, विभागाचे अधिकारी ती प्रमाणित करीत आणि मंजूर तरतुदीपेक्षा अधिक रक्कम असूनही कोषागारे ती अदा करीत. वाहतुकीच्या देयकांत ट्रक म्हणून दाखवलेली काही वाहने प्रत्यक्षात स्कूटर असल्याचे आढळले.

राज्याचे मासिक हिशेब उशिरा सादर होत असल्याचे महालेखापरीक्षकांनी १९८५ मध्येच निदर्शनास आणले होते. तरीही गैरव्यवहार दशकभर चालू राहिला. जानेवारी १९९६ मध्ये उपायुक्त अमित खरे यांनी चाईबासा (सध्या झारखंड) येथील कार्यालयांवर छापे घातल्यानंतर तो उघडकीस आला. मार्च १९९६ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला. मुख्यमंत्री लालू प्रसाद यादव यांनी जुलै १९९७ मध्ये राजीनामा दिला. चाईबासा कोषागारातील सुमारे ३७ कोटी ७० लाख रुपयांच्या प्रकरणात ते ३० सप्टेंबर २०१३ रोजी दोषी ठरले. त्यांना ५ वर्षांची शिक्षा झाली व त्यांचे लोकसभा सदस्यत्व संपुष्टात आले. लेखापरीक्षणाच्या पहिल्या इशाऱ्यापासून या निकालापर्यंत २८ वर्षे लोटली होती.