पत्र्याखालचा माळा आणि बियाणे
मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यातील बिरसा हा भातशेतीचा मुलूख. याच जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. येथे ट्रॅक्टरच्या खोलीवरील माळ्यात बियाणे ठेवायचे, तर पुढचा खरीप त्या छताच्या हवाली होतो. कवेलूंच्या फटींतून गरम हवा निसटते. पत्रा मात्र तापून सारी उष्णता खाली सोडतो. साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरले, की बियाण्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा बीजशास्त्राचा ठोकताळा आहे.

म्हणून आधी पत्र्याला बाहेरून चुन्याचा पांढरा हात द्यावा. खर्चाच्या मानाने याहून गुणकारी उपाय नाही. पावसात तो धुपतो, तेव्हा दर फाल्गुनात पुन्हा द्यावा लागतो. मग आढ्याजवळ आणि वळचणीलगत जाळीचे झरोके ठेवावेत, म्हणजे गरम हवा वरून निघून गार हवा खालून शिरते. कोंडलेली हवाच पंख्याने फिरवण्यात अर्थ नाही. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूचे तट्टे बांधल्यास उत्तमच.

वाळ्याचे ओले पडदे मात्र टाळावेत, कारण बियाण्यातील ओलावा १ टक्क्याने वाढला तरी त्याचे आयुष्य जवळपास निम्मे होते. गोव्याच्या दमट हवेत तर नीट वाळवलेले बियाणे हवाबंद पिंपातच ठेवावे.