कारखान्याच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत



कामगार संघटनेच्या कामात ज्याचा जन्म गेला त्याने चित्रपटावर बोलावे, आणि त्यातही ज्या चित्रपटांत काही घडतच नाही अशी सर्वसाधारण तक्रार असते त्या संथ चित्रपटांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु माणसाचा वेळ कुणाच्या मालकीचा, हा आमच्या चळवळीचा सर्वांत जुना प्रश्न आहे. आठ तासांच्या दिवसासाठी झालेले लढे याच प्रश्नावर झाले. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे मुंबईच्या गिरणीकामगाराला रविवारची सुट्टी मिळाली, तीही याच प्रश्नाची तड होती. चित्रपटगृहात बसलेला माणूस आपला मोकळा वेळ खर्च करीत असतो. तेव्हा एखादा दिग्दर्शक त्याला तीन तास बसवून बटाटे सोलणारी बाई दाखवू लागला, तर ‘हा माझ्या वेळेचा अपमान आहे की सन्मान?’ असे विचारण्याचा त्याला पुरा हक्क आहे. या प्रश्नाला प्रेक्षकांनी वेळोवेळी काय उत्तर दिले, त्याचा थोडासा इतिहास आज सांगावयाचा आहे.

आरंभ अगदी आरंभापासूनच करू. १८९५ च्या मार्च महिन्यात फ्रान्समधील लियों शहरात ल्युमिएर बंधूंनी आपल्याच कारखान्याच्या दारासमोर कॅमेरा ठेवला. हा कारखाना छायाचित्रणाच्या काचा बनविणारा. दार उघडते, कामगार बाहेर पडतात, आणि सुमारे पन्नास सेकंदांत चित्र संपते. कॅमेरा जागचा हलत नाही, मध्ये कुठे कापाकापी नाही. बाहेर पडणाऱ्यांत बायकाच पुष्कळ आहेत. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये तिकीट लावून जो पहिला प्रसिद्ध खेळ झाला, त्यात हे चित्र होते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आपल्या देशातला पहिला खेळ झाला, त्यातही ते होते. तिकीट एक रुपया! म्हणजे कामगार घरी जाताना कसे दिसतात हे मुंबईत प्रथम पाहिले ते गिरणीपासून पुष्कळ दूर असलेल्या मंडळींनी.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की त्या प्रेक्षकांना कंटाळा आला नाही. दार उघडणे, बाया बाहेर पडणे, एखादा कुत्रा मध्ये येणे, एवढ्यावर ते थक्क झाले. नावीन्य होते हे खरे. तथापि ‘काही घडत नाही’ ही तक्रार चित्रपटाच्या जन्माबरोबर आलेली नाही, ती मागाहून आली. चित्रपट हा धंदा झाला, दिवसाला किती खेळ लागतात यावर हिशेब ठरू लागला, आणि तुकडे जोडून कथा वेगाने सांगण्याची कला वाढली. ती कला थोर आहे, तिच्यापासून मीही पुष्कळ आनंद घेतला आहे. परंतु त्या वेगात एक गोष्ट मागे राहिली. कारखान्याच्या दारातून बाहेर पडलेल्या त्या बाया पुढे कुठे गेल्या? घरी गेल्या असणार, चूल पेटवली असणार. पण त्यांच्यामागून तिथपर्यंत जायला कॅमेऱ्याला सवड नव्हती. कथेच्या दृष्टीने तो वेळ फुकट होता.

हा फुकट मानलेला वेळ पडद्यावर आणण्याचा मोठा प्रयत्न दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत झाला. ‘बायसिकल थीव्ज’ हा १९४८ चा चित्रपट आपल्याकडे सर्वज्ञात आहे. १९५२ च्या जानेवारीत मुंबईला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला त्यात तो दाखविला गेला आणि आपल्या कितीतरी चित्रकर्त्यांची दृष्टी त्याने बदलली. त्यातला नायक कारखान्यात काम करणारा खराखुरा कामगार होता. त्याच डी सिका आणि झावात्तिनी या जोडीने १९५२ साली ‘उम्बेर्तो डी.’ काढला. त्यात एक प्रसंग आहे. घरातली मोलकरीण पोर पहाटे उठते, स्वयंपाकघरात येते, काडी ओढून गॅस पेटवते, भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी सोडते, कॉफी दळायला बसते, आणि बसल्या बसल्या पाय लांब करून दार लोटते. तिला दिवस गेले आहेत हे आपल्याला ठाऊक असते. ती एका शब्दाने बोलत नाही. कथा तसूभर पुढे सरकत नाही. आंद्रे बाझँ या फ्रेंच समीक्षकाने या प्रसंगाला फार मोठे महत्त्व दिले. इटलीच्या प्रेक्षकांनी मात्र चित्रपटाकडे पाठ फिरवली, आणि सरकारातील आंद्रेओत्ती या तरुण उपमंत्र्याने जाहीर पत्र लिहून डी सिकांना खडसावले की असल्या चित्रांनी देशाची नाचक्की होते. एका म्हाताऱ्या निवृत्तिवेतनधारकाचे आणि एका मोलकरणीचे दिवस सावकाश दाखविले, एवढाच काय तो अपराध!

येथून आठ वर्षे पुढे जाऊ. मे १९६०, फ्रान्समधले कान शहर. मिकेलान्जेलो आन्तोनिओनी यांचा ‘लाव्हेंतुरा’ महोत्सवात दाखविला जात होता. श्रीमंत मंडळी नौकेतून एका ओसाड बेटावर जातात, त्यांतली एक तरुणी नाहीशी होते. शोध सुरू होतो. आणि मग शोधणारेच हळूहळू तिला विसरून जातात. ती सापडत नाही, तिचे काय झाले तेही कळत नाही. या चित्राच्या पायी दिग्दर्शकाने थोडे सोसले नव्हते. चित्रण चालू असताना निर्मिती संस्थेचे दिवाळे वाजले आणि मंडळी त्या बेटावर पैशावाचून अडकून पडली होती. एवढे करून चित्र पडद्यावर आले, तर प्रेक्षक हसू लागले, हुर्यो उडवू लागले, दृश्य लांबले की ‘कापा, कापा’ म्हणून ओरडू लागले. आन्तोनिओनी आणि नायिका मोनिका वित्ती यांना डोळ्यांत पाणी घेऊन बाहेर पडावे लागले.

आता मला तुमचे लक्ष एका गोष्टीकडे वेधावयाचे आहे. ‘सामान्य माणसाला असली चित्रे कळत नाहीत, त्याला मारामारी आणि गाणी हवीत’ असे आपले सुशिक्षित लोक नेहमी म्हणतात. पण कानमध्ये ओरडणारे कोण होते? रात्रीच्या समारंभी पोशाखात आलेली, निमंत्रणे असलेली, चित्रपटाच्या व्यवसायातलीच प्रतिष्ठित माणसे. कुठला गोदी कामगार तिथे शिट्ट्या मारायला गेला नव्हता. तेव्हा अधीरपणा हा कुणा एका वर्गाचा गुण नव्हे, ती सवय आहे, आणि सवय ज्याला लागेल त्याची.

दुसऱ्या दिवशी रोसेल्लिनींसह कित्येक दिग्दर्शक-समीक्षकांनी सह्या करून आन्तोनिओनींच्या बाजूने निवेदन काढले. परीक्षकांनी नव्या चित्रभाषेसाठी म्हणून त्यांना खास पारितोषिक दिले. आणि १९६२ साली ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने जगभरच्या समीक्षकांना विचारले, तेव्हा सर्वकालीन श्रेष्ठ चित्रपटांत ‘लाव्हेंतुरा’ दुसऱ्या क्रमांकावर होता. हुर्योपासून मानापर्यंत दोन वर्षे. हे फार लवकर झाले असे मी म्हणेन. सर्वांच्याच नशिबी ते येत नाही.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. १९६९ साली मणि कौल यांनी मोहन राकेशांच्या कथेवरून ‘उसकी रोटी’ काढला. पैसा सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचा. बालो ही पंजाबातल्या बस ड्रायव्हरची बायको, नवऱ्याची भाकरी घेऊन रस्त्यावर उभी आहे. बस येईल, तो भाकरी घेईल, एवढीच तिची आशा. चित्रपटभर ती वाट पाहते. त्याच वर्षी, त्याच संस्थेच्या पैशातून निघालेला मृणाल सेनांचा ‘भुवन शोम’ लोकांनी आवडीने पाहिला. ‘उसकी रोटी’वर मात्र टीकेचा भडिमार झाला. जनतेचा पैसा असल्या चित्रांवर का उधळावा, असा प्रश्न विचारला गेला. सत्यजित राय यांच्यासारख्या श्रेष्ठीनेही कौलांच्या पद्धतीवर कठोर लिहिले. टीका सर्वस्वी अन्यायाची होती असे मी म्हणणार नाही. त्यातली माणसे सपाट आवाजात बोलतात, चेहऱ्यावर भाव येऊ देत नाहीत, आणि ज्यांच्या जीवनावर चित्र आहे त्यांना ते परके वाटावे अशी त्याची घडण आहे. परंतु फाटकाबाहेर डबा घेऊन ताटकळणाऱ्या बायका मी उभ्या जन्मात पाहिल्या आहेत. त्यांचे ताटकळणे झटपट दाखवता येत नाही. ते लांबले तरच ते ताटकळणे.

आता मी माझ्या मुख्य उदाहरणाकडे येतो. १९७५ हे संयुक्त राष्ट्रांनी महिला वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्या वर्षी शान्ताल आकेरमान या बेल्जियमच्या, पंचविशीही न गाठलेल्या तरुणीने ‘जान दिलमान’ हा चित्रपट कानमध्ये आणला. लांबी २०१ मिनिटे, म्हणजे जवळजवळ साडेतीन तास. ब्रुसेल्समधली एक विधवा आणि तिचा शाळकरी मुलगा. तिचे तीन दिवस. ती अंथरूण आवरते, बटाटे सोलते, खिमा मळते, मुलाला जेवू घालते, भांडी घासते. रोज दुपारी एक पुरुष येतो, पैसे देऊन जातो. तेही त्याच क्रमात बसलेले एक काम. कॅमेरा स्थिर, बाईच्या समोर, आणि काम संपेपर्यंत तो हलत नाही. कॅमेऱ्यामागेही स्त्रीच होती, बाबेत मँगोल्ट.

दुसऱ्या दिवशी बटाटे करपतात. एवढेच. पण तासभर तिचे बिनचूक हात पाहिलेल्या प्रेक्षकाच्या काळजात त्या करपलेल्या बटाट्यांनी धस्स होते. यंत्रावर वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. ठोका चुकला की अपघात जवळ आला, हे त्याचे कानच त्याला सांगतात. तिसऱ्या दिवशी जे घडते ते भयंकर आहे. ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी मी ते सांगत नाही.

पहिल्या खेळाला लोक उठून जाऊ लागले. खुर्च्या खटाखट मिटल्याचे आवाज येत होते, असे आकेरमान पुढे सांगत असत. असे म्हणतात की उठून जाणाऱ्यांत नामवंत लेखिकाही होत्या. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला आइसलँडमधल्या बहुसंख्य स्त्रियांनी एक दिवस घरातले आणि बाहेरचे सारे काम बंद ठेवले, आणि देशाचा व्यवहार ठप्प झाला. त्या संपाचा या चित्रपटाशी काही संबंध नाही. पण दोन्हींनी दाखविले ते एकच, की जे काम दिसत नाही त्यावर सारे घर उभे आहे. संपाने ते काम थांबवून दाखविले. आकेरमान बाईंनी ते न थांबवता, न कापता दाखविले. १८९५ साली कारखान्याच्या दारातून जी बाई बाहेर पडली, तिच्या स्वयंपाकघरात जाऊन नीट बसायला चित्रपटाला अशी ऐंशी वर्षे लागली.

२०१५ साली आकेरमान वारल्या. २०२२ साली त्याच ब्रिटिश मासिकाने सोळाशेहून अधिक समीक्षक-अभ्यासकांची मते घेतली आणि ‘जान दिलमान’ पहिल्या क्रमांकावर आला. १९५२ पासून दर दहा वर्षांनी होणाऱ्या या मोजणीत स्त्रीने दिग्दर्शित केलेले चित्र प्रथमच तिथे पोहोचले. त्यावरही वाद झाला. पॉल श्रेडर या अमेरिकन दिग्दर्शकाने, जो स्वतः संथ चित्रपटांचा जुना अभ्यासक आहे, या निवडीबद्दल शंका घेतली. वाद होणे चांगलेच. मुक्याने मान डोलवण्यापेक्षा खुर्ची आपटून जाणारा प्रेक्षक मला अधिक प्रामाणिक वाटतो.

कारण संथपणाचेही सोंग आणता येते. महोत्सवातल्या परीक्षकांना रुचते म्हणून कॅमेरा उगाच भिंतीवर रोखून ठेवणारे दिग्दर्शक आहेत, आणि झोप आली तरी ‘काय खोली आहे!’ म्हणणारे रसिकही आहेत. मी माझ्यापुरती एक कसोटी ठेवली आहे. लांबवलेल्या वेळात पडद्यावरच्या माणसाचे काही काम, काही ओझे, काही वाट पाहणे मला कळते आहे काय? कळत असेल तर तो वेळ त्या माणसाचा आहे. कळत नसेल तर तो दिग्दर्शकाचा आहे, आणि तो त्याने माझ्या खिशातून घेतला आहे.

शेवटी आपल्या मराठीतल्या एका चित्रपटाविषयी. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसला गौरवला गेला, त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि एप्रिल २०१५ मध्ये तो आपल्याकडे लागला. एका लोकशाहिरावर खटला आहे. त्याच्या गाण्यामुळे गटारसफाई करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. शाहिराचे काम आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केले. २०२१ साली करोनाने त्यांना नेले. या चित्रात कॅमेरा दूर, स्थिर उभा असतो. तारखा पडतात. सरकारी वकीलबाई दिवसभर आरोपीविरुद्ध बोलतात, मग लोकलने घरी जातात, आणि स्वयंपाकाला लागतात. पुन्हा स्वयंपाकघर!

तो मी आमच्या संघटनेतल्या एका मित्राबरोबर पाहिला. कामावरून काढल्याविरुद्ध त्याचा दावा अकरा वर्षे चालला होता, आणि बहुतेक तारखांना मी त्याच्याबरोबर बाकावर बसलो होतो. शेवटाकडे न्यायालय उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी बंद होते, दिवे मालवतात, आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. चित्रपट संपला असे समजून आमच्या रांगेतले लोक उठले. कुणी चपला शोधू लागले, कुणी जांभई दिली. मीही उठलो. मित्र मात्र बसून राहिला. माझा हात ओढून म्हणाला, “बसा साहेब. कोर्ट सुटलंय, केस कुठं सुटलीय?” आणि खरोखरच पडदा पुन्हा उजळला. न्यायमूर्ती सहलीला गेलेले दिसू लागले.

आमच्यापैकी चित्रपटांविषयी वाचलेला मी होतो. पण काळ्या पडद्यापुढे बसून राहण्याची तालीम त्याला अकरा वर्षांनी दिली होती. संथ चित्रपट कुणाला कळतो आणि कुणाला नाही, या वादात मी तेव्हापासून सावधपणे बोलतो. एवढे सांगून, आपला एक तास मी घेतला त्याची जाणीव ठेवून, आपली रजा घेतो.