वऱ्हाडी वाड्यातली न्हाणी

वाशिम आणि कारंजा लाड इथल्या जुन्या वाड्यांत न्हाणी परसदारी, आडाजवळ असे. दगडी फरशी, तीवर तांब्याचं घंगाळ, शेजारी पाणी तापवायची चूल किंवा बंब, एवढाच संसार. सांडपाणी मोरीतून अळू-केळीच्या वाफ्याला जाई. शौचकूप घरापासून दूर, परसाच्या टोकाला. बहुतेक घरांत तो नसेच. ही विभागणी विटाळाच्या कल्पनेतून आली खरी, पण मातीच्या भिंतींना ती मानवली, कारण ओल घरापासून लांब राहिली.

नळ आले, तशी न्हाणी घरात शिरली आणि तिथेच वाड्याचं दुखणं सुरू झालं. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान (2000) आणि स्वच्छ भारत अभियान (2014) यांनी शौचालयाचा आग्रह गावोगाव नेला. दुसऱ्या अभियानात ग्रामीण भागातील पात्र कुटुंबाला 12,000 रुपये प्रोत्साहन मिळे.

जुन्या घरात नवं स्नानगृह काढताना टाइलची निवड सर्वांत शेवटी यावी. आधी पांढऱ्या मातीची भिंत आणि लाकडी तुळई तपासायची, मग सांडपाण्याचा उतार ठरवायचा, त्यानंतर जलरोधक थर. मातीच्या भिंतीला थेट सिमेंटचा गिलावा दिला, तर आत अडकलेली ओल भिंत पोखरते. म्हणून ओल्या बाजूला विटांची स्वतंत्र भिंत उभारणं हिताचं.