१९५१ : वेस्ट पॉइंटचा हरलेला हंगाम

एप्रिल १९५१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी जनरल मॅकआर्थरना पदावरून दूर केलं, इथपर्यंत आपण मागच्या भागात आलो होतो. आजची गोष्ट त्याच वर्षाची आहे, आणि मॅकआर्थर तिच्यातही एकदा येऊन जातात. पण ही गोष्ट रणांगणावरची नाही. ती आहे एका फुटबॉल संघाची, जो नऊ सामने खेळला आणि त्यातले सात हरला.

आधी एक खुलासा. अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे कोलकात्याच्या किंवा गोव्याच्या मैदानावर आपण पाहतो तो खेळ नव्हे. चेंडू अंडाकृती, तो हातात घेऊन पळायचं, डोक्यावर हेल्मेट, आणि समोरचा अंगावर येऊन आदळणार हे गृहीतच. तिथल्या कॉलेज संघांचं वेड आपल्याकडच्या क्रिकेटइतकं. त्यातही आर्मी विरुद्ध नेव्ही, म्हणजे लष्कराची अकादमी विरुद्ध नौदलाची अकादमी, हा सामना बघायला फिलाडेल्फियात लाखभर लोक जमायचे.

लष्कराची अकादमी म्हणजे हडसन नदीकाठचं वेस्ट पॉइंट, स्थापना १८०२. आपली एनडीए आणि डेहराडूनची आयएमए एकत्र केली तर जे होईल, साधारण ते. १९४० मध्ये तिचा संघ इतका घसरला की पूर्ण हंगामात एकच सामना जिंकला. मग १९४१ पासून अर्ल ब्लेक प्रशिक्षक झाले. ते स्वतः तिथलेच, १९२० च्या तुकडीचे. १९४४ आणि १९४५ मध्ये त्यांचा संघ एकही सामना न हरता देशात अव्वल ठरला. १९५० मध्ये सलग आठ सामने जिंकले आणि शेवटचा नेव्हीकडून हरले. त्या वेळी तेवढीसुद्धा हार लोकांना धक्का वाटली.

आणि मग १९५१ चा वसंत. एका कॅडेटनं वरिष्ठांच्या कानावर घातलं की परीक्षांमध्ये फसवणूक चालली आहे.

वेस्ट पॉइंटचा ऑनर कोड अगदी छोटा. कॅडेट खोटं बोलणार नाही, फसवणार नाही, चोरी करणार नाही. दुसऱ्यानं केलेलं पोटात घालणं हाही प्रत्यक्षात अपराधच. फसवणुकीची रीत मात्र अगदी साधी होती. कॅडेट्सच्या दोन रेजिमेंट होत्या आणि तोच पेपर एकीला आज, दुसरीला उद्या दिला जाई. मध्ये एक रात्र. खेळाडूंचे तासन् तास सरावात जात आणि अभ्यासात ते मागे पडत, म्हणून हुशार मुलं त्यांना शिकवायला बसत. शिकवता शिकवता कधीतरी आजचे प्रश्न उद्यावाल्यांपर्यंत जाऊ लागले.

इथे मला स्वतःबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर मी उगाच उंच खुर्चीवर बसून बोलतोय असं होईल. मी कॅडेट असताना एकदा गणिताची चाचणी दोन गटांत झाली. सकाळच्या गटातला माझा एक मित्र जेवणाच्या रांगेत कानात म्हणाला, "दुसरं गणित नीट बघून घे रे." एवढंच. मी बघून घेतलं. मला ते आलं. कुणालाही कळलं नाही, आणि मी तीसहून जास्त वर्षं वर्दी घातली. म्हणून वेस्ट पॉइंटच्या त्या मुलांबद्दल वाचतो तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. ती चांगलीच ओळखीची वाटतात.

चौकशी झाली. निवृत्त न्यायाधीश लर्नेड हँड यांच्या मंडळानं प्रकरण पुन्हा तपासलं. ३ ऑगस्टला जाहीर झालं की सुमारे ९० कॅडेट्स अकादमीतून काढले जाणार. त्यात ३७ फुटबॉलपटू. जवळजवळ अख्खा मुख्य संघच. त्यांच्यात एक होता बॉब ब्लेक, संघाचा क्वार्टरबॅक आणि प्रशिक्षकांचा मुलगा. यात काहींचा अपराध एवढाच होता की त्यांना माहीत होतं आणि ते बोलले नाहीत. चौकशीत ज्यांनी खरं सांगितलं, त्यांना त्या खरं बोलण्यामुळेच जावं लागलं.

त्याच सुमारास वेस्ट पॉइंटचे तरुण अधिकारी कोरियात मरत होते, हे विसरू नका. तिथे पलटणीत शेजारच्या खंदकातला अधिकारी काय सांगतो यावर माणसं जगतात किंवा मरतात. म्हणून शिक्षा बरोबर होती, असं मी मानतो. पण एकच पेपर दोन दिवस देणारी व्यवस्था वर्षानुवर्षं चालू ठेवली ती त्या मुलांनी नव्हे. ज्या दारूगोळा कोठाराला कुलूप नाही, तिथे चोरी झाली तर आम्ही फक्त संत्र्याला जबाबदार धरत नाही.

ब्लेक राजीनामा द्यायला निघाले होते. ते न्यूयॉर्कला जाऊन मॅकआर्थरना भेटले. मॅकआर्थर स्वतः १९१९ ते १९२२ वेस्ट पॉइंटचे प्रमुख होते आणि नुकतेच पदावरून दूर झालेले. गोळीबार चालू असताना मोर्चा सोडायचा नाही, असा त्यांचा सल्ला होता. ब्लेक थांबले.

हंगाम मात्र ठरल्याप्रमाणे सुरू झाला. मैदानात कोण? काल-परवापर्यंत राखीव संघात होते ते, आणि पहिल्या वर्षाची पोरं. एखाद्या कंपनीतले सगळे जुने हवालदार-नाईक एका रात्रीत गेले आणि रंगरूट घेऊन हल्ला चढवायचा, तशी अवस्था. विलानोव्हाकडून ७-२१. मग नॉर्थवेस्टर्न, डार्टमथ. हार्वर्डकडून २१-२२, एका गुणानं. पेनकडूनही ६-७, पुन्हा एका गुणानं. हे दोन निकाल मला मोठ्या हारींपेक्षा जास्त बोचतात. कोलंबिया आणि सिटाडेल, एवढेच दोन विजय. शेवटी १ डिसेंबरला फिलाडेल्फियात नेव्हीनं ४२-७ नं धुतलं, आणि नेव्हीचा संघही त्या वर्षी काही फार भारी नव्हता. ब्लेक यांच्या सगळ्या कारकिर्दीतला हा एकच हरलेला हंगाम.

ज्यांनी फसवलं नव्हतं, ती ही मुलं. दुसऱ्यांच्या चुकीचा हिशोब दर शनिवारी, भरल्या स्टेडियममध्ये, तीच चुकती करत होती. आणि पुढच्या सोमवारी पुन्हा सरावाला येत होती. त्या सरावात ब्लेक यांचा एक सहायक होता विन्स लोम्बार्डी, जो पुढे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलचा सर्वांत गाजलेला प्रशिक्षक झाला.

१९५२ मध्ये चार जिंकले, चार हरले, एक बरोबरीत. १७ ऑक्टोबर १९५३ ला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर ड्यूकशी गाठ पडली. आर्मी १४-१३ नं पुढे होती. शेवटच्या काही मिनिटांत ड्यूकचा एक खेळाडू चेंडू घेऊन मोकळा सुटला. समोर कुणी नाही. आर्मीचा बॉब मिशाक मागून धावत सुटला, त्याला गोलरेषेपासून सात यार्डांवर गाठलं आणि पाडलं. तिथून पुढच्या प्रत्येक प्रयत्नात ड्यूकला रेषा ओलांडू दिली नाही. १४-१३ तसंच राहिलं. त्या वर्षी त्यांनी नेव्हीलाही २०-७ नं हरवलं. हा मिशाक १९५१ मध्येही अकादमीतच होता, दुसऱ्या वर्षाला. काढलेल्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

जय हिंद.