जीपचे जादा दिवे आणि मामूंची वही

आठ वर्षांपूर्वी ताम्हिणी घाटात माझ्या जुन्या जीपच्या डॅशबोर्डखालून धूर आला. पावसाळ्यातली रात्र होती. बंपरवर दोन नवे फोकस बसवून घेतले त्याला चार दिवसही झाले नव्हते. बसवणाऱ्याने बॅटरीवरून एक बारीक तार थेट डॅशबोर्डच्या बटणावर आणली होती आणि तिथून पुढे दिव्यांकडे नेली होती. मध्ये ना फ्यूज, ना रिले. बोनेट उघडून बॅटरीची तार उपटली म्हणून गाडी वाचली.

आठवड्याने ती जीप नगरला मामूंच्या दुकानासमोर उभी केली. चाळीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम केलेला माणूस. जळकी तार बोटांत फिरवत ते एवढंच म्हणाले, "पैले फ्यूज, फिर तार, सबके बाद लाइट. तेरेकू उलटा करके दिया उसने."

मोटारीच्या दिव्यांचा इतिहास नेमका असाच उलटा सांगितला जातो. आधी दिवा. कोणत्या कंपनीने कोणता बल्ब काढला, कोणाची काच कशी होती. तार शेवटी येते, बहुधा येतच नाही. आणि तार ओढणारा तर नाहीच.

या गोष्टीतला दिव्याचा भाग आपल्या वाचकांना आवडेल असा आहे, म्हणून तो आधी उरकतो. हेडलाइटच्या मागची वाटी पॅराबोला आकाराची असते. अक्षाला समांतर येणारे किरण असा आरसा एका बिंदूवर गोळा करतो, आणि त्या बिंदूवर दिवा ठेवला तर उजेड समांतर होऊन लांब जातो. कैरोत राहून काम करणाऱ्या इब्न अल्-हैसमने अकराव्या शतकात अशा आरशांवर स्वतंत्र प्रबंध लिहिला. पण ग्रीक गणिती डायोक्लीसने हे त्याच्या हजारेक वर्षं आधीच मांडलं होतं. सगळं आपल्याच लोकांनी शोधलं असं म्हणायची खोड आपल्यालाही कमी नाही. खरी मौज वेगळीच आहे. डायोक्लीसचं ते पुस्तक आज आपल्यापर्यंत पोहोचलं ते अरबी भाषांतरातून. कोणीतरी ते सांभाळलं, उतरवून काढलं.

आता जीप. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. त्यांची वायरिंग सहा व्होल्टची. हेडलाइट बिजागरीवर बसवलेले असत. नट सैल करून दिवा मागे उलटवला की त्याचा उजेड इंजिनावर पडे आणि रात्री दुरुस्ती करता येई. मेकॅनिकचा इतका विचार करणारी गाडी मी दुसरी पाहिली नाही. आणखी एक गंमत. युद्धकाळातल्या पुष्कळ जीपच्या डाव्या मडगार्डवर एक वेगळा, टोपी घातलेला दिवा असे. तो होता ब्लॅकआउटसाठी. रस्ता जेमतेम दिसावा, पण वरून विमानाला गाडी दिसू नये, एवढाच उजेड तो देई. म्हणजे जीपवरचा हा जादा दिवा उजेड लपवायला आला होता.

हिंदुस्थानात ही गाडी आणणाऱ्या कंपनीचं मूळ नाव काय होतं हे तरुण वाचकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. १९४५ साली स्थापन झाली तेव्हा ती महिंद्रा अँड मोहम्मद होती. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ साली गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं, आणि माझगावात सुटे भाग जोडून विलीजच्या जीप तयार होऊ लागल्या. पाटीवरचा मोहम्मद गेला. गाडीखाली पाठीवर झोपून तारा जोडणारे मोहम्मद मात्र इथेच राहिले. वाहनदुरुस्तीच्या धंद्यात मुस्लिमांचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा ठळकपणे जास्त आहे, याची नोंद २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात सापडते. ते आकडे आपण नेहमी मागासलेपणाचा पुरावा म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्या आकड्यांच्या पोटात एक विद्याही आहे, तिच्याबद्दल कोणी विचारत नाही.

ती विद्या म्हणजे काय, हे दिव्यांवरूनच कळेल. हॅलोजनचा एच-वन बल्ब युरोपात १९६२ साली आला. ५५ वॅटचा एक बल्ब बारा व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर ओढतो. दोन फोकस म्हणजे नऊ. जुन्या सहा व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच उजेडाला अठरा लागले असते. बारीक तारेतून एवढा करंट नेला की तार तापते आणि वाटेत व्होल्टेज गळतं. बल्बपर्यंत दहा टक्के व्होल्टेज कमी पोहोचलं तर उजेड दहा नाही, सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. मग गिऱ्हाईक म्हणतं दिवा मंद आहे, शंभर वॅटचा टाक. तो टाकला की तार आणखी तापते. माझ्या जीपमध्ये धूर कुठून आला, ते यात आलं.

याला उपाय रिले. बटणातून नावापुरता करंट जातो, तो रिलेतल्या छोट्या विद्युतचुंबकाला जागं करतो, आणि चुंबक 'टिक' करून मोठ्या करंटची वाट उघडतो. ही युक्ती मोटारीची नाही, तारायंत्राची. जोसेफ हेन्रीने १८३० च्या दशकात ती दाखवली. लांबच्या तारेत सिग्नल दमला की रिले त्याला ताज्या बॅटरीचा जोर देई. शब्दही टपालवाटेवरच्या घोड्यांचा आहे. दमलेला घोडा सोडायचा, ताजा घ्यायचा. अब्बासी खिलाफतीतली बरीद हीच. मुहम्मद तुघलकाच्या डाकेबद्दल इब्न बतुताने लिहिलंय की पायी हरकारे मैलाच्या तिसऱ्या हिश्श्यावर थांबलेले असत आणि त्यांची डाक घोड्यांपेक्षा वेगात जाई. सुलतान दौलताबादेत असताना त्याच्यासाठी गंगेचं पाणीही अशाच टप्प्यांनी येई. मामूंना हे सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, मग दौलताबादवाल्यांनी रिले चांगला लावला होता.

माझ्या गाडीची वायरिंग त्यांनी त्या दुपारी नव्याने केली. बॅटरीच्या वीतभर अंतरावर पंधरा अँपिअरचा फ्यूज. तिथून अडीच एमएमची तार रिलेच्या ३० नंबरला. ८७ मधून दिव्यांकडे. ८६ ला अप्परच्या तारेतून बटणामार्गे येणारा सिग्नल, म्हणजे डिपर मारला की फोकस आपोआप बंद, समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाहीत. ८५ अर्थला. अर्थसाठी त्यांनी चासीवरचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडला, लग घट्ट आवळला आणि वर ग्रीस लावलं. निम्म्या तक्रारी रंगावर अर्थ बसवल्याने होतात, असं त्यांचं मत. फ्यूज बॅटरीजवळच का, असं मी विचारलं. फ्यूज बल्बसाठी नसतो, तारेसाठी असतो. फ्यूजच्या आधीची तार कुठे घासली तर तिला वाचवणारं कोणी नाही, म्हणून तो तुकडा जितका छोटा तितका बरा. मजुरी घेतली नाही. डांबरी रस्त्यावर फोकसवर टोप्या घालून ठेव, एवढं बजावलं.

मामू गेल्या वर्षी वारले. दुकानात आता त्यांचा मुलगा सीसीटीव्हीचं काम करतो. आवराआवरीत एक दोनशेपानी वही निघाली, ती त्याने रद्दीत टाकायच्या आधी मला फोन केला. आत वायरिंगच्या आकृत्या आहेत, प्रत्येक गाडीची वेगळी, आणि सगळ्या उजवीकडून डावीकडे. बॅटरी उजव्या टोकाला, दिवे डाव्या. नावं उर्दूत, रिलेचे नंबर इंग्रजी आकड्यांत. तारा निळ्या शाईने, फ्यूज दर वेळी लाल. पहिल्या पानांवर डायनामो आणि कटाऊट आहेत, पुढे अल्टरनेटर येतो, मग हॅलोजन, मग रिले. तारीख एकाही पानावर नाही. तरी गाड्यांवरून वर्षं लावता येतात, ते काम मी सुरू केलंय. माझं उर्दू कच्चं आहे, एका पानाला एक संध्याकाळ जाते.

दोन पानांचा अर्थ अजून लागत नाही. वर फक्त 'बारिश के बाद' असं लिहिलंय, आणि खाली आकृतीच नाही.